कॉफीचा प्लग

सिक्सटेन लुंडमार्कनं ठरवूनच टाकलं होतं की हे गुन्वोरचं काम आहे. खेळाचं मशीन नवं कोरं, चार्जर नवा, वायर नवी, आणि तरी ते मेलं चालू होत नाही म्हणजे काय? बटण दाबून धरलं की काळी काच. सोडून पुन्हा दाबलं तरी काळीच काच. त्या काचेत त्याचं स्वतःचं सुरकुतलेलं तोंड दिसायचं, मागे स्वयंपाकघराची खिडकी आणि खिडकीपलीकडे भर दुपारी दाटलेला नोव्हेंबरचा अंधार. आपल्या खांद्यामागे आणखी कुणी दिसतंय असं वाटून तो कितीदा तरी दचकून वळला होता.

गुन्वोर त्याची बायको. वसंतात बर्फ वितळायला लागलं आणि ती गेली. आजारपणात तिला एक हातातला कॉम्प्युटर लागायचा, मधे काच आणि दोन बाजूंना अंगठ्यानं फिरवायची बोंडं. त्यातल्या एका खेळात तिचं एक गाव होतं. समुद्राकाठी लाल घर, बटाट्याचं वावर, शेळ्या. खाटेवर पडल्या पडल्या बाई शेती करायची. "माझ्या शेळ्या उपाशी आहेत रे," म्हणत जेवण अर्धं सोडायची.

"खऱ्या घरातला नवरा उपाशी आहे, त्याचं काय?" सिक्सटेन चिडवायचा.

"मग ये की माझ्या गावाला. कॉफी पाजीन."

त्याला हसू यायचं. गेला मात्र कधीच नाही. ती गेल्यावर ते मशीन त्यानं शवपेटीत तिच्या हाताशी ठेवून दिलं.

आणि आता त्या खेळवाल्या कंपनीनं जाहीर केलं होतं की खेळ जुना झाला, यातली सगळी गावं कायमची बंद. दिवस कुठला, तर थडग्यांवर मेणबत्त्या लावतात तो शनिवार, संध्याकाळी सहा. यांना दुसरा मुहूर्त सापडला नाही! बाईचं आख्खं गाव पुसून जाणार, आणि आपण त्यात एकदाही पाऊल टाकलेलं नाही? पासवर्ड त्याला ठाऊक होता, तिच्या लाडक्या शेळीचंच नाव. म्हणून त्यानं तसलंच नवं मशीन मागवलं. एकदा आत जायचं, तिचं घर डोळे भरून बघायचं, बस्स.

तर ते हे असं.

त्यानं मशीनच्या कंपनीला फोन लावला. समुद्रापलीकडची कुठलीशी पोरगी इंग्रजीत बोलली. आवाज गोड, धीर दांडगा.

"काका, नवं मशीन आम्ही झोपवून पाठवतो," ती म्हणाली. "चार्जरला लावून ठेवा. बराच वेळ, सलग. मग जागं होईल."

"लावलंय की."

"प्लग चालू आहे ना? दुसऱ्या प्लगला लावून पाहिलंत?"

"काय बोलतेस पोरी! त्याच प्लगवर रोज कॉफी होते माझी!"

आता ही कॉफीच्या प्लगची गोष्ट तिला कोण सांगणार? सिक्सटेनच्या देशात स्वयंपाकघरातल्या त्या एका प्लगला फिरवायचं बटण असतं. कॉफीचं यंत्र विसरून घराला आग लागू नये म्हणून. बटण पिळलं की टिकटिक करत वेळ चालतो, शून्यावर आलं की वीज बंद. सगळ्यांच्याच घरी असतं ते. जे सगळ्यांच्याच घरी असतं ते कुणी फोनवर सांगत बसतं का? आणि गुन्वोरही आपलं मशीन तिथेच लावायची. चार्जिंगला लावलेली वस्तू डोळ्यासमोर हवी, हा तिचा कायदा. तो तिच्यामागे मोडायची सिक्सटेनची काय बिशाद!

पण खरी भानगड पुढेच होती. तो बटण पूर्ण पिळायचा. दारातली पत्रपेटी बघून परत यायचा, तेवढ्यात बटण शून्यावर. मशीनचा दिवा विझलेला. असं पुन्हा पुन्हा झालं. घरात दुसरं कुणी नाही. पहिल्यांदा त्याला घाम फुटला. मग हळूहळू तो त्या रिकाम्या स्वयंपाकघराशी बोलायला लागला.

"का गं? येऊ नको म्हणतेस? आता उशीर झाला म्हणतेस का?"

खोटं कशाला बोला, भीती होती तसा त्याला त्यात आधारही वाटायचा. रागावलेली का होईना, घरात होती ना.

शनिवार उजाडला तरी मशीन मढ्यासारखं पडून. दुपारी शेजारची मायलिस दालचिनीचे बन घेऊन आली. तिच्याबरोबर दफनभूमीत मेणबत्ती लावायला जायचं ठरलेलं होतं. सिक्सटेनचा चेहरा बघून ती खुर्ची ओढून बसली आणि त्यानं तिला सगळं सांगितलं, गुन्वोर बटण बंद करते तेसुद्धा.

"हं," मायलिस म्हणाली. "लाव बघू माझ्यासमोर."

त्यानं लावलं. बटण पिळलं. टिकटिक सुरू झाली, मशीनचा बारका दिवा लागला.

"बस इथे, लक्ष ठेव. मी चष्मा घेऊन येतो," म्हणत तो उठला.

"सिक्सटेन!"

तो दारात थबकला.

"अरे शहाण्या, तूच बंद केलंस!"

"काय?"

"जाता जाता! हात घातलास आणि बटण मागे फिरवलंस. बघितलंसुद्धा नाहीस तिकडे!"

सिक्सटेननं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. त्याला गुन्वोरचा आवाज आठवला, लग्न झाल्यापासून रोजचा. निघताना बटण बंद कर. सिक्सटेन, बटण! तिनं इतकी वर्षं डोकं खाल्लं तेव्हा कुठे हाताला सवय लागली होती, आणि हात अजून तिचं ऐकत होता. मायलिस हसत सुटली, तर तो खुर्चीत बसून रडत होता.

"म्हणजे ती नव्हतीच," तो म्हणाला.

दोघांनी मिळून झोपायच्या खोलीतला पलंग सरकवला आणि त्यामागच्या साध्या प्लगला मशीन लावलं. तिनं कॉफीचं यंत्र पुन्हा त्याच्या जागी जोडलं, पाणी आणि पूड भरून ठेवली.

"तू बस इथेच. तुझी मेणबत्ती मी लावते तिच्यापाशी," ती म्हणाली. "कॉफी तयार आहे, नुसतं बटण फिरव." आणि गेली.

तिच्यामागे दाराची कडी लावून सिक्सटेन पलंगाच्या कडेवर येऊन बसला, तो उठलाच नाही. बऱ्याच वेळानं काच उजळली. बोंडांशी झटापट करत, शिव्या घालत, शेळीचं नाव टाकून तो एकदाचा गावात शिरला. सहा वाजायला थोडाच अवकाश होता.

वावर वाळून गेलं होतं. शेळ्या मात्र होत्या. लाल घरात गुन्वोरची बाहुली खाटेवर निजलेली, अंगात खऱ्या गुन्वोरचं असायचं तसलंच निळं स्वेटर. आणि चुलीपाशी एक ढेरपोट्या गडी उभा, टोपी कानांवर ओढलेली. डोक्यावर नाव होतं सिक्सटेन.

या खेळात गड्याला एक काम नेमून देता येतं. लोक दूध काढायला लावतात, लाकडं फोडायला लावतात. गुन्वोरनं नेमलेलं काम लिहिलेलं होतं: चूल विझवणे. गडी चूल विझवायचा, दाराबाहेर जायचा, आत यायचा. चूल आपोआप पेटायची. तो पुन्हा विझवायचा. वसंतापासून त्या रिकाम्या घरात, निजलेल्या बाईच्या उशाशी, तो एकटा हेच करत होता.

"अगं बये," सिक्सटेन पुटपुटला. हसू की रडू, त्याचं त्यालाच कळेना.

त्यानं गड्याचं काम बदललं. कॉफी करणे. गडी चुलीपाशीच थांबला, किटलीतून वाफ निघाली. मग त्यानं गुन्वोरला उठवलं, चालवत आणून टेबलाशी बसवलं. दोघं समोरासमोर.

"आलो बघ," तो म्हणाला. "तुझ्या गावाला."

काच काळी झाली. सहा वाजले होते. काचेत पुन्हा त्याचंच तोंड.

घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत त्याला ऐकू आलं. टिक, टिक, टिक.

तो भिंत धरत स्वयंपाकघरात गेला. बटण पूर्ण पिळलेलं होतं. यंत्राचा लाल दिवा लागला होता आणि भांड्यात कॉफी ठिबकत होती. दाराची कडी आतून लावलेली.

हेही आपल्याच हातानं केलं असेल, त्यानं स्वतःला सांगून बघितलं. मायलिस तर तेच म्हणेल. म्हणून मायलिसला विचारायचंच नाही असं त्यानं ठरवलं.

त्यानं दोन कप काढले. आपला सावकाश प्यायला. निघताना हात बटणाकडे गेला, तेव्हा त्यानं तो खिशात घातला.