परबदादांचं नाक

परबदादाच्या बाराव्याची पंगत उठली तसा त्याचा मुलगा सर्वेश माझ्याजवळ येऊन म्हणाला, "श्यामकाका, दोन शब्द बोला ना. बाबांचे किस्से सांगा. आई बारा दिवस कोणाशी धड बोलली नाहीये. निदान हसेल तरी."

मला का विचारलं ते उघड आहे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या गल्लीत कोणाच्या स्कूटरवर दुसऱ्याचंच कुलूप दिसलं, सोसायटीच्या बोर्डावर चेअरमनच्या लग्नाची जाहिरात लागली, की पहिलं नाव माझंच निघतं. चाव्या बनवायचा माझा गाळा परब स्टोअर्सला लागून. वय एक्कावन्न, अक्कल बाराची, असं परबदादाच म्हणायचा.

उभा राहिलो आणि सुटलो. जयवंत परब, भांडुपच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं कॅन्टीन मॅनेजर. सहाशे माणसांचं जेवण. सकाळी गेटातून आत शिरायचा आणि तिथूनच ओरडायचा, "कुंडलिक, डाळ खाली लागली रे." कुंडलिक आचारी झाकण उघडून बघायचा तर खरंच लागलेली असायची. एकदा म्हणे कामगारांनी पैज लावली. डोळे बांधून सात वाट्या पुढे ठेवल्या आणि यानं कुठल्या वाटीतलं तेल परवाचं आहे तेही सांगितलं. रिटायर झाला आणि दुकान काढलं. मालवणी मसाला, कोकम, कुळथाचं पीठ, भाजणी. मसाला कांडपावरून आला की मूठभर हातावर घ्यायचा, नाकाशी न्यायचा, आणि नापसंत पडला तर अख्खं पोतं परत.

लोक हसले. सर्वेशही हसला. वहिनी मात्र मधेच उठून आत गेल्या.

पाच मिनिटांनी मला आत बोलावणं आलं. रुक्मिणीवहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"काय सांगितलंस बाहेर? गेटावरून त्यांना कळायचं डाळ लागली ते."

"मस्करी नाही वहिनी. खरं आहे ते."

"खरंच आहे. म्हणून तर विचारते." आवाज अगदी खाली होता. "मग गॅस भरला होता तो त्यांना कळला नाही?"



झालं होतं ते असं. दुकानाच्या मागच्या खोलीत छोटी शेगडी होती, चहापुरती. रात्रीत उंदरानं नळी कुरतडली. सकाळी सहाला दादानं शटर वर केलं, मागे गेला, लायटर पेटवला. दोन दिवस हॉस्पिटलात होता, पण बोलला नाही. पोलिसांनी अपघात लिहिला.

"नळी उंदरानं कुरतडली, मान्य," वहिनी म्हणाल्या. "पण आत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांना वास आलाच असणार. वास येऊनसुद्धा त्यांनी लायटर पेटवला."

"वहिनी, काय बोलताय."

"आदल्या संध्याकाळी मी काय बोलले ते तुला माहीत नाही. वरच्या शहाबाईंनी मसाला परत केला, कुबट वास येतो म्हणून. चार लोकांसमोर. हे घरी आले आणि मी म्हटलं, तुमच्यात आता काही उरलेलं नाही, बंद करा ते दुकान. एक शब्द बोलले नाहीत. जेवले आणि झोपले. सकाळी निघाले तेव्हा मी जागी होते. उठले नाही मुद्दाम." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी मारलं त्यांना. हे कोणाला बोलता येत नाही, तुला बोलले. तू कोणाला सांगितलंस तरी लोक म्हणतील श्याम्या थापा मारतो."

एवढं ऐकून मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसायचं वचनच दिलं होतं मी दादाला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बिल्डिंगवाल्यांनी दादाला दुकानात सुकी मासळी ठेवायला मनाई केली होती. मला दुसरं काय पाहिजे? सहा सुके बोंबील आणले, पाण्यात बुडवून ओले केले आणि त्याच्या खुर्चीच्या गादीखाली सरकवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या गाळ्यात बसवेना. शहाबाई नाकाला पदर लावून खाली आल्या आणि म्हणाल्या, "परबभाई, आ शुं छे?" दादा खरोखरीच्या भोळ्या चेहऱ्यानं विचारतो, "काय झालं?" मी मशीनच्या मागे हसून हसून आडवा. तिसऱ्या दिवशी हसू आटलं. माणूस त्या बोंबलांवर बसून डबा खात होता.

संध्याकाळी गादी उचलून दाखवली. मला वाटलं मारेल. तो शटर अर्धं ओढून बसला आणि म्हणाला, "माका वास येणा नाय रे श्याम. कोविड झाल्यापासून. चव पण गेली. जिभेवर नुसतं मऊ आणि कडक कळतं."

"डॉक्टर?"

"दोन झाले. कोणाक बोलू नको. तुझ्या वहिनीक तर अजिबात नको. परबाचं नाक गेलं म्हटल्यावर परबाकडे राहिलं काय?"

त्या दिवसापासून त्याचं नाक मी. दर गुरुवारी मसाला यायचा. दादा गिऱ्हाइकांसमोर ऐटीत हुंगायचा आणि माझ्याकडे तिरका बघायचा. मी कान खाजवला की माल पास. काय मजा यायची सांगू. अख्ख्या मुलुंडला आम्ही दोघं उल्लू बनवत होतो.

शेवटच्या गुरुवारी मला सर्दी होती. नाक चोंदलेलं. सांगायला पाहिजे होतं. दादानं बघितलं आणि मी सवयीनं कान खाजवला.

तोच मसाला शहाबाईंनी परत केला.

हे सगळं मी ओट्याजवळ उभा राहून वहिनींना सांगितलं. कान, सर्दी, सगळं. त्या ऐकत होत्या आणि चेहरा दगड होत चालला होता.

"श्याम, आज तरी नको रे."

"मस्करी नाही करत."

"मला बरं वाटावं म्हणून रचतोयस. बोंबील काय, कान काय."

"शपथ घेतो."

"तुझ्या शपथा मला माहीत आहेत. माझ्या हातात गेल्या वर्षी लॉटरीचं खोटं तिकीट दिलंस तेव्हा आईची शपथ घेतली होतीस."

घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरं होतं आणि ते चालत नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, "वहिनी, तुम्हीच आठवा. इतक्यात त्यानं कधी जेवणाला नाव ठेवलं?"

हे बोलायला नको होतं. बोलून गेल्यावर कळलं.

वहिनी शेगडीकडे वळल्या.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "रोज काहीतरी काढायचे. मीठ चिमूटभर कमी. खोबरं जास्त भाजलंस. आमच्या कॅन्टीनला असं चाललं नसतं. रोज. आणि मग बंदच झालं. झकास गं, म्हणायचे. रोज झकास. एकदा तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण नासलं होतं. मी तोंडात घातलं आणि थुंकून टाकलं. ह्यांनी त्याआधी दोन वाट्या संपवल्या होत्या. मी म्हटलं, अहो, बोलायचं नाही का? तर हसले. मला वाटलं, माझं मन राखायला खाल्लं. बहिणीला फोन करून सांगितलं मी ते."

बाहेर कोणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं.

"म्हणजे त्यांना मरायचं नव्हतं."

"नाही वहिनी. चहा करायचा होता."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आणि माझं जेवण?"

"तुमच्या जेवणाचं तो माझ्याकडे नेहमी बोलायचा. म्हणायचा, चव कळत नसली तरी हिच्या हातचं—"

"थापा मारतोयस."

"हो."

पदरानं त्यांनी तोंड पुसलं. रडत नव्हत्या.

"तीन वर्षं तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मला वास येतो. सर्वेशला येतो. एक शब्द बोलला असतास तर त्या खोलीत मी सिलेंडर ठेवू दिला असता? रोज सकाळी आधी मी आत गेले नसते?"

"त्यानं वचन घेतलं होतं."

"तू कधीपासून वचनं पाळायला लागलास?"



सर्वेश दारात आला. आई बोलतेय बघून त्याला बरं वाटलं असावं. "काय म्हणतायत श्यामकाका?" त्यानं विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "बाबांचा एक किस्सा सांगत होते. तुला सांगते नंतर, सगळा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "श्यामकाकांना खाली सोडून ये. आणि वर येताना दरवाजा लावून घे. ते आता येणार नाहीत."