आम्हाला चालत नाही

तळहातात लाकडाचं कुसळ गेलं. सुताराला कुसळ रोजचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. हात टम्म सुजून रंधा धरवेना, तेव्हा लेक मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला. "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?"

"आम्हाला पेनिसिलिन चालत नाही."

"आम्हाला म्हणजे?"

लेक हळूच म्हणाली, "बाबा, ते आईला."

खरंच की. लग्नानंतर एकदा ती गोळी घेतल्यावर हिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. थोडक्यात वाचली. ही भिडस्त, डॉक्टरांपुढे तोंड उघडायची नाही. म्हणून प्रत्येक दवाखान्यात हे वाक्य मीच बोलायचो. "तुम्ही माझे वकील," म्हणायची. मागच्या वर्षी ती हृदयविकाराने गेली. वकिली तेवढी राहिली.

"तुम्ही स्वतः कधी घेतलंय?" बाईंनी विचारलं.

"नाही. घेणारही नाही. दुसरं काही द्या."

"दुसरं आहे, पण या हाताला हेच चांगलं. काका, औषध वाईट नसतं. एखाद्याचं शरीर त्याला शत्रू समजतं. काकूंचं समजत होतं, तुमचं समजेलच असं नाही. आणि लग्नाने अ‍ॅलर्जी लागत नाही."

"बाकी सगळं लागलंय," लेक म्हणाली. "चहासुद्धा आईसारखा फुंकून फुंकून पितात."

बाई हसल्या. "पहिली गोळी इथेच घ्या आणि थोडा वेळ बसा. नुसतं पोट बिघडलं तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. पण गांधी, सूज, धाप, काही वाटलं तर लगेच हाक मारा."

हात तर हवा होता. रंध्याशिवाय मी घरात बसून करणार काय? गोळी गिळली. हिच्या वैऱ्याला घरात घेतल्यासारखं वाटलं.

बाहेर बाकावर बसलो. लेक सारखी माझ्या ओठांकडे बघत होती. मी हिच्या आईकडे असाच बघायचो.

"खाज येतेय?"

"नाही."

"मोठा श्वास घ्या बघू."

घेतला. छाती मोकळी होती. मला काहीच होत नव्हतं. म्हणजे ते दुखणं खरंच तिचं एकटीचं होतं, आणि इतकी वर्षं मी ते आमचं म्हणत आलो होतो. डोळे भरून आले.

लेक ताडकन उठली. "डॉक्टर! बाबांच्या डोळ्यांतून पाणी येतंय!"

"बसा वकीलबाई," मी तिचा हात धरला. "हे औषधाचं नाही."