आईची कातडी

शहाऐंशी साली भांडुपच्या आमच्या खोलीत स्टोव्ह भडकला आणि माझी पाठ होरपळली. झाकायला माझी स्वतःची कातडी पुरेना. आईनं, शेवंतीबाईनं, कुणी विचारायच्या आधीच साडी वर सरकवून मांडी पुढे केली. अख्ख्या वॉर्डासमोर! मी मरायला टेकले होते, तरी लाजले.

"ही तात्पुरती हं," डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या होत्या. पण आपल्या सोयीचं नसलेलं आईच्या कानात शिरतच नाही. "माझी कातडी लेकीक लागली," असं ती वॉर्डभर सांगत सुटली. पुढे ती कातडी काळवंडली, सुटायला लागली. आई दुसरी मांडी घेऊन हजर.

"आता गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या.

झालं! गरज नाही म्हणजे आशा नाही, असं समजून आईनं अन्नपाणी सोडलं. मीही घाबरले. आई गप्प बसली की जगबुडी आलीच समजा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेवरच टेकल्या. "आई, प्रेमा बरी होतेय म्हणून तुमची कातडी सुटतेय. काही पेशी हाडांच्या मज्जेत जन्मतात, रक्तातून कातडीत येऊन राहतात. तिथेच मोठ्या होतात, त्यांना लांब हात फुटतात. परकं काही दिसलं की त्या बाकीच्यांना उठवतात. भाजल्यावर प्रेमाचं अंग निपचित पडलं होतं, आता जागं झालंय. खाली तिची स्वतःची कातडी धरतेय. तिच्यातही या पेशी येऊन बसतील."

"मी परकी? नऊ म्हयने पोटात वाडयलंय तिका!"

"त्यांना नातं कळत नाही हो."

आई माझ्या पाठीवर वाकली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे राखणदारच तो! गावची शीव राखता तसो. तो वळख बघना नाय."

तिनं पिशवीतला नारळ काढला, माझ्या उशाशी ठेवला आणि हात जोडून, गावी देवाला घालतात तसं गाऱ्हाणं वॉर्डातच सुरू केलं. "बा राखणदारा, म्हाराजा! माझ्या चेडवाच्या अंगात तू जागो झालंस, माका शिवेभायर काढलंस, बरा केलंस. तुझे उपकार झाले. असोच जागो रव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कुणीतरी मोठ्यानं होकार देऊन साथ द्यायची असते. वॉर्डात सगळे गप्प. आईच्या मांडीवरचं फडकं अजून ओलंच होतं.

पालथ्या पडल्या पडल्या मीच उशीत तोंड खुपसून ओरडले, "होय म्हाराजा!"