गोळीबंद पाकाचं घर

मित्रांनो, मी एक जुना शिसवी पोळपाट आहे. सावंतवाडीच्या एका कारागिरानं मला घडवलं आणि दोन साड्यांच्या घडीत गुंडाळून वीणानं मला मिशिगनला, नोव्हायला आणलं. पहिली काही वर्षं माझा काय थाट होता! रोज पोळ्या, सणाला पुरणपोळी. पाहुणे बोटं चाटायचे आणि नाव मात्र वीणाचं व्हायचं. मग फ्रोझन पोळ्यांची पाकिटं आली आणि मी ओव्हनखालच्या खणात जाऊन पडलो.

तिथून मला वर्षातून एकदा बाहेर काढायची ती निधी, या घरातली लेक. नाताळात इथे सुंठ-दालचिनीच्या बिस्किटांच्या भिंती जोडून छोटंसं घर करतात, जिंजरब्रेड हाउस. पहिल्यांदा केलं तेव्हा निधी पाच वर्षांची होती. ती, वीणा आणि वीणाचा नवरा गुरुनाथ, तिघं माझ्याभोवती. केसांत पीठ, नाकाला आयसिंग. घर तिरकं झालं, छप्पर घसरलं आणि तिघांनी ते हसत हसत खाऊन टाकलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला धन्य वाटलं.

चार वर्षं असंच चाललं. पण गेल्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळानं 'सहकुटुंब जिंजरब्रेड' स्पर्धा काढली. झालं! दोघांच्या अंगात आलं. गुरुनाथ गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तो नकाशे प्रिंट करून मोजपट्टी घेऊनच बसला. अंड्याशिवायचं आयसिंग भिंती धरेना, म्हणून वीणानं चिक्कीला करतात तसा गोळीबंद पाक केला. भिंती पक्क्या बसल्या हो, पण उकळत्या पाकाजवळ निधीला कोण येऊ देणार?

"मागे हो गं, भाजेल!"

"आई, मी फक्त डोअर लावते ना."

"बाबा लावतील. तू सगळं बिघडवशील."

निधीनं माझ्यावर स्वतः लाटून एक वाकडं दार कापलं होतं. गुरुनाथनं ते उचललं, "सिमेट्री जाते, बेटा," म्हणाला आणि चक्क तोंडात टाकलं. मी लाकडाचा, तरी मला लागलं. त्याला काहीच वाटलं नाही.

पहिलं बक्षीस मिळालं, तरी दोघं तणतणत घरी आली. त्यांच्या बोलण्यातून कळलं, स्टेजवर मंडळाच्या शरयू काकूंनी "निधी, तू काय काय केलंस?" असं विचारलं, तर ही म्हणाली, "मी हात नाही लावला."

"सगळ्यांसमोर असं बोलतात?" वीणा ओरडली.

"बट इट्स ट्रू, आई."

यंदा स्पर्धा नाही. वीणानं मला आपणहून काढलं, पुसलं, पीठ मळलं आणि जिन्याशी जाऊन हाक मारली, "निधी, ये गं, घर करू या. सगळं तूच कर."

वरून आवाज आला, "यू गाइज डू इट. आय विल जस्ट स्पॉइल इट."

हे ती रागानं बोलली नाही. राग असता तर वीणानं समजूत काढली असती. पीठ सुकून भेगाळलं तरी ती माझ्यापाशी नुसती उभी होती.

मित्रांनो, मला तेल लावू नका, खणात टाका, माझं काही म्हणणं नाही. पण लेकरू पिठाचे हात घेऊन आलं, तर त्याला मागे सारू नका. होऊ दे वाकडं, पडू दे छप्पर. वीणा आता रोज जिन्याशी जाऊन हाक मारते, आणि रोज वरून उत्तर येतं, "नो, थँक यू." पाहुण्यांशी बोलावं इतक्या नम्रपणे.