गाळणीचा घट

वारलू इंजिनिअर झाला. पण वाचकांनी हे वाचलंच नाही असं धरून चालावं, कारण खुद्द वारलूलाच ते अजून ठाऊक नाही. तो आत्ता कुरखेड्याजवळच्या आपल्या गावी, परसात, आईच्या हातातल्या, भांडी घासायच्या तणसाच्या चोथ्यापुढे हात जोडून उभा आहे.

नागपूरच्या कॉलेजात तो पाण्याचं आणि सांडपाण्याचं शास्त्र शिकत होता. शेवटच्या परीक्षेसाठी त्यानं कॉलेजचा एक ड्रम आणून परसात उभा केला होता. आत वाळू, वरून बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, गढूळ पाणी, खालच्या तोटीतून स्वच्छ पाणी. मेख एवढीच, की वाळूवर बुळबुळीत थर जमला तरच ही गाळणी चालते. रोगजंतूंना खातो तो हाच थर, आणि तो जमायला आठवडेच्या आठवडे लागतात. आईनं, म्हणजे रुखमाबाईनं, तो दोनदा घासून काढून ड्रम लख्ख केला होता. आता कुठे तो थर पुन्हा जमला होता, आणि उद्या प्रोफेसर तपासायला येणार होते.

“पाव्हणे येऊन राह्यले अन् तू त्याहिले घाण दाखवतं?”

“माय, तेच घाण मले पास करनार हाय.”

कुंपणापलीकडून दादाजी म्हातारा म्हणाला, “चार वर्सं हेच शिकला काय बे? मंग आमची बोडी त कवाचीच इंजिनिअर झाली!”

 मग वारलूला सुचलं, तेही भलतंच.

“माय, हा घट हाय. नवरात्रात बसवते तसा. हात लावाचा नाई.”

“वैशाखात कसला घट?”

“कॉलेजचं नवरात्र वैशाखातच असते.”

रुखमाबाईनं चोथा टाकला, आंघोळ केली आणि ड्रमला हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी बाही दुमडून झाकणाला हात घातला. रुखमाबाई आडवी आली.

“आंघोळ केली काय भाऊ?”

“नागपुरात केली होती.”

“ते नागपुरातच राह्यली.”

झाकण काही उघडलं नाही.  न बघता वारलूला गुण देणार कोण? प्रोफेसरांच्या ओंजळीत तोटीचं तीर्थ पडलं. आणखी थोडं त्यांनी बाटलीत मागून घेतलं आणि नागपूरला नेऊन तपासलं. जंतू औषधालाही सापडला नाही. त्यांनी शेरा मारला: ‘देखभाल अत्यंत कडक.’

वारलू पास झाला. मग कॉलेजनं ड्रम परत मागितला. पण एव्हाना सगळ्या आळीच्या बाया सकाळी घागरी घेऊन तोटीपुढे बसू लागल्या होत्या, आणि बसलेला घट कोणी हलवू देईना. शेवटी वारलूनं खाली बसून प्राचार्यांना लिहिलं:

“महाशय, सदर ड्रम कॉलेजच्या मालकीचा आहे हे मान्य. परंतु घट उठवण्याचा विधी अभ्यासक्रमात शिकवण्यात आलेला नाही. तरी विद्यापीठाने याकामी एक पगारी पुजारी नियुक्त करून सत्वर गावी पाठवावा, आंघोळ मात्र त्याने येथेच करावी, ही नम्र विनंती.”