मंदाकिनीबाईंची कातडी

दुसऱ्या वाफेला मंदाकिनीबाईंची कातडी सुटली. नूतनने ती कपाळापाशी धरली, भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तशी टाचेपर्यंत अखंड उतरवली, एकदा झटकली आणि खिडकीजवळच्या दांडीवर पसरून टाकली.

"फाटली नाही ना गं कुठे?" बाईंनी विचारलं.

"छे हो काकू. चिवट आहे. हातांना तेवढी घट्ट बसली होती."

कऱ्हाडात भांड्यांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर हे नूतनचं 'त्वचासुख' पार्लर. केतकीने, म्हणजे बाईंच्या एकुलत्या एका लेकीने, आपल्या हळदीच्या दिवशी सकाळीच आईला रिक्षात कोंबलं होतं. "प्रत्येक फोटोत तू दमलेली दिसतेस. जाऊन ये. मृत पेशी निघतात, रक्त खेळतं, तुकतुकी येते."

"अगं, घर पाहुण्यांनी भरलंय आणि मी तोंड चोळून घेत बसू?"

"बस. फक्त संध्याकाळी वेळेवर ये. हळदीचं पहिलं बोट तुझंच. त्याआधी मी कुणाला गालाला हात लावू देणार नाही."

तर बाई आता पडून होत्या, आणि खोटं कशाला बोला, कातडीवाचून त्यांना फार बरं वाटत होतं. पन्ह्यात बुडल्यासारखं गार. शिणवटा सगळा कातडीबरोबर दांडीवर गेला होता आणि तिथून खाली ठेवलेल्या घमेल्यात ठिबकत होता. पाण्याला चहाचा रंग आला होता.

"किती हे!" नूतन घमेलं बदलत म्हणाली. "काकू, तुम्ही फार आधी यायला हवं होतं. आता असंच राहायचं. अंगावर नवी साय धरेल. एकच पथ्य, जुनीला काही काम सांगायचं नाही."

"मी कशाला काम सांगत्येय तिला?"

तेवढ्यात खालच्या दुकानात पातेलं पडलं. घरात भांडं पडल्याचा आवाज झाला की लग्न झाल्यापासून बाई जे स्वतःशी म्हणत आल्या होत्या, तेच त्यांच्या तोंडून गेलं. "चला, उठा बाई आता."

कातडी उठली. दांडीवरून उतरली, कमरेत वाकली, सरळ झाली. खुंटीवरची साडी तिने नेसली, पदर खोचला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली.

"अगं, माझी साडी!"

"तिचीही आहेच की," नूतन म्हणाली.

"थांबव तिला!"

"काम सांगितलेली कातडी थांबत नाही हो. आणि तुम्ही उठू नका, धूळ बसेल."

नूतनने फोन लावून बाईंच्या कानाशी धरला. पलीकडे दिनकरराव होते. मागे कढईत झारा वाजत होता.

"अहो, मी मंदा बोलत्येय."

"मंदा इथे बुंदी पाडत्येय. आपण कोण?"

"तिच्याकडे जरा नीट बघा ना."

"बघतोय की. वाळलीय थोडी. लग्नघरात वाळतंच माणूस." आणि त्यांनी फोन ठेवला. मांडववाला आला होता.

नवी कातडी सावकाश धरली. दूध निवावं तशी आधी कडेकडेने, मग मधे. दिवेलागणीला नूतनने आरसा दाखवला. गुलाबी, घट्ट, नितळ. मनगटावर तव्याचा चटका नव्हता, बांगड्यांचा घट्टा नव्हता, दंडावरचा देवीचा वणही नव्हता.

"फरक बघा काकू!"

बाईंनी बघितला. नूतनची साडी नेसून त्या रिक्षाने घरी आल्या.

मांडवाच्या तोंडाशी दिनकररावांनी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. "या, या. मुलाकडच्या ना?"

"अहो, मी!"

"हो हो, माफ करा. गर्दीत ओळखलंच नाही. अरे, यांना पंख्याखाली बसवा."

त्यांना गादीच्या खुर्चीत बसवलं. कुणीतरी हातात सरबत दिलं. स्वतःच्या घरात बसल्या जागी आयतं सरबत त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. अर्धं त्या मुकाट्याने प्यायल्या.

समोर पाटावर केतकी बसली होती आणि तिच्या शेजारी कातडी. पंख्याचा वारा फिरला की कातडी फुगायची, मग मिटायची. उडू नये म्हणून केतकीने तिचा पदर मुठीत धरला होता आणि तिच्या ओटीत नारळ ठेवला होता.

"आई, किती हलकी झालीस गं! म्हटलं नव्हतं मी, जाऊन ये म्हणून?"

"हं," कातडी म्हणाली.

मुलाकडची उष्टी हळद आली. वाटी केतकीपुढे ठेवली गेली. एका मावशीने घाईने बोट बुडवलं, तशी केतकीने तोंड मागे घेतलं. "नाही हं मावशी. पहिलं बोट आईचं."

मंदाकिनीबाईंनी सरबताचा पेला शेजारी ठेवला. आत्ता उठलं नाही तर ते बोट गेलंच. दोन्ही हात खुर्चीवर रोवून त्या हळूच म्हणाल्या, "चला, उठा बाई आता."

नवी कातडी हलली नाही. तिला जन्मात कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने एका पायावर दुसरा पाय टाकला आणि सरबताचा पेला पुन्हा ओठाला लावला.

समोरच्या कातडीला मात्र ऐकू आलं. तिने केतकीच्या मुठीतून पदर सोडवला, वाटी उचलली, ओटीतला नारळ पाटावर ठेवला. नारळ ठेवताच तिचे पाय जमिनीपासून बोटभर सुटले. वाऱ्याने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे होत ती पंख्याखालच्या खुर्चीपर्यंत आली. तिच्या मनगटावर तव्याचा चटका होता आणि त्यातून मांडवातले दिवे दिसत होते.

"मुलाकडच्या ना?" कातडी वाकून म्हणाली. "आधी पाहुण्यांना."

आणि तिने हळदीत बुडवलेलं बोट बाईंच्या गुलाबी गालावर टेकवलं. तिच्या मागे, पाटावर, केतकी डोळे मिटून गाल पुढे करून बसली होती.