पोलीस पाटलाचा शेरा

भिकाजीने वकिलातीच्या काउंटरवरच्या मुलीकडून पोलीस दाखल्याचा अर्ज परत मागून घेतला, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि कायमच्या पत्त्यावर आडवी रेघ मारली. मुलगी बघतच राहिली.

"अंकल, खाडाखोड नहीं चलेगी," ती म्हणाली. "नया भरना पडेगा."

मागच्या खुर्चीवर पासपोर्टच्या झेरॉक्स सांभाळत बसलेली मंगला उठून पुढे आली. अर्ज तिने भरला होता, चांगलं अक्षर काढून.

"अहो, काय चुकलं त्यात?"

"गावचा पत्ता कशाला टाकलास? डोंबिवलीचा टाक."

"डोंबिवलीला आहे काय आता? बिल्डिंग पाडली. बाबा बदलापूरला भाड्याने राहतात. पोलीस चौकशीला गेले तर त्यांना तिथे नुसता खड्डा दिसेल."

हे खरंच होतं. आजवर सासऱ्यांच्या त्या दोन खोल्यांनी भिकाजीला सांभाळून घेतलं होतं. पासपोर्ट नवा करताना तोच पत्ता आणि चौकशीला येणारा हवालदारही तिथलाच. बिल्डर आला, खोल्या गेल्या आणि आता सरकारी कागदावर भिकाजीचं म्हणून जगात एकच ठिकाण उरलं. नेमकं तिथेच तो शिमग्याच्या एका पहाटे एसटीत बसल्यापासून गेला नव्हता.

मंगलाने नवा अर्ज घेतला आणि पुन्हा गावचाच पत्ता लिहिला. भिकाजीने सही केली. त्याची सही एरवीपेक्षा लहान आली.

ओमानमधल्या गाला भागातली त्याची एसी दुरुस्तीची कंपनी बंद होत होती. अर्बाबने, म्हणजे मालकाने, सगळ्यांना बोलावून सरळ सांगितलं होतं, दुसरी नोकरी बघा, नाहीतर व्हिसा संपला की घरी. भिकाजीला अल खौदमधल्या एका शाळेत काम मिळत होतं, तिथल्या सगळ्या एसींची देखभाल. पण जिथे मुलं असतात तिथे माणसाच्या नावावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला लागतो.

"एक नाही, दोन लागतात," रशीद म्हणाला होता. रशीद त्याच्याच कंपनीत गाडी चालवायचा. मूळचा दाभोळकडचा, आणि असल्या कागदपत्रांत मुरलेला. "इथल्या पोलिसांचा एक, आपल्याकडचा एक. इथला मी मोबाईलवरून काढून देतो, यल्ला, चल, कार्ड दे."

तो दाखला आलासुद्धा. ओमानमध्ये भिकाजीने कधी सिग्नलदेखील तोडला नव्हता.

"आपल्याकडचा जरा फिरून येतो," रशीदने समजावलं. "अर्ज इथून वकिलातीत. तिथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे, मग आपल्या ठाण्यात. ठाण्यात जुनी रजिस्टरं बघतात. मग पोलीस गावात जाऊन विचारतात, माणूस कसा आहे. तुला कसली भीती? तू तर गाय आहेस."

भिकाजी हसला. अर्ज एकेक टप्पा गावाच्या जवळ सरकणार, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

लग्नाआधी त्याने मंगलाला सगळं सांगितलं होतं. शिमग्यात देवीची पालखी नाचत होती. वरच्या वाडीत आधी न्यायची की खालच्या, यावरून दरवर्षीसारखी बाचाबाची झाली आणि त्या वर्षी काठ्या निघाल्या. गर्दीत त्यानेही काठी फिरवली. कुणाला लागली, लागली की नाही, त्याला कळलं नाही. खालच्या वाडीतला गुणाजी रक्तबंबाळ होऊन सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, पडला. पहाटे दादाने, त्याच्या थोरल्या भावाने, त्याला उठवलं. "तुजी काठी बसली गुणाजीच्या डोक्यात. केस झालीय. पोलीस येतील, तू नीघ." दादानेच त्याला मुंबईला धाडलं, दादानेच एजंट गाठला. आणि बजावलं, गावातल्या कुणाशी बोलू नको, कोण कुठे खबर देईल सांगता येत नाही.

तो बोलला नाही. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या पूजेलाही कधी गेला नाही. आई वारली तेव्हा दादा फोनवर म्हणाला, केस अजून चालू हाय, इथे पाय ठेवू नको, आईचं मी बघतो. भिकाजी त्या दिवशी एका बंगल्याच्या गच्चीवर काम करत होता. त्याने काम पुरं केलं, आणि मग खाली उतरून गाडीत बसून ढसाढसा रडला. लग्न डोंबिवलीच्या हॉलमध्ये झालं. मंगलाने सासर पाहिलेलं नव्हतं. आणि उर्वी, त्यांची मुलगी, अल घुब्राच्या फ्लॅटमध्ये वाढली, तिला गाव म्हणजे शाळेच्या डायरीतला एक रकाना.

"पप्पा, नेटिव्ह प्लेसमध्ये आपलं कोण... म्हणजे, कोण राहतं?" तिने एकदा विचारलं होतं.

"तुझे काका."

"मग आपण जात का नाही?"

"लांब आहे," भिकाजी म्हणाला होता. ओमानमध्ये बसून.

अर्ज दिल्यापासून त्याची झोप उडाली. जेवताना घास हातात राहायचा. मंगला एकदा चिडून म्हणाली, "होईल ते होईल. परत जायची वेळ आली तर जाऊ. एसी काय तिकडे बिघडत नाहीत?" पण तिनेही गुपचूप उर्वीसाठी बदलापूरच्या शाळांची चौकशी चालवली होती.

फोन आला तेव्हा भिकाजी गालातल्याच एका वर्कशॉपच्या पत्र्यावर होता. भरदुपार होती, हातात पाना. नंबर भारतातला, अनोळखी.

"भिकाजी काय रं?"

या आवाजात कुणी त्याला अशी हाक मारून जमाना झाला होता.

"कोण?"

"गुणाजी बोलतोय. खालच्या वाडीतला. पोलीस पाटील हाय मी आता. ठाण्यातनं तुजा कागद आलाय माज्याकडं, त्यावर नंबर होता. म्हटलं, आपलाच हाय की दुसरा कोण, खात्री करावी."

भिकाजी पत्र्यावरच बसला. पत्रा तापलेला होता, तरी बसला.

"गुणाजी," तो म्हणाला, "ती केस... ती चालू आहे का अजून?"

"कसली केस?"

"तुझ्या डोक्याची."

पलीकडे गुणाजी मोठ्याने हसला. "आरं, देवीच्या पालखीतलं भांडण कोण चौकीत नेतं? टाके पडले, बरे झाले. मी काय तक्रारबिक्रार दिली नाय. ठाण्यात तुजं नाव बी नाय. हवालदार सगळं बघून गेला."

भिकाजीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण गुणाजी थांबला नाही. पुष्कळ वर्षांचं साठलेलं असावं.

"आणि तुला म्हणून सांगतो, गावकीनं इचारलं तवा बी मी म्हटलं, अंधारात दिसलं नाय कोण ता. दिसलं तर होतं. तुज्या दादानं मारलान, म्होरनं. त्येला एकट्याला मी सांगितलं, बघितलंय रं मी, पण बोलायचा नाय. गाव मातर तुजंच नाव घेऊन बसलं, कारण पळालास तू. तुजी आय बी तेच धरून बसली. मी मनात म्हणायचो, बघा, भावासाठी गेला ह्यो पोर. नाव खराब करून घेतलान, पण भावावर येऊ दिलं नाय. तुज्यासाठी गप राह्यलो मी. नायतर कदीच बोललो असतो."

वर्कशॉपमधून कुणीतरी "खलास?" म्हणून ओरडलं. भिकाजीने वरून हात हलवला.

"ऐकतोयस ना?"

"हो," भिकाजी म्हणाला.

"मग लिवतो मी, वर्तणूक चांगली. आणि यंदा शिमग्याला ये. आधी माज्याकडं उतर, समदा गाव बघू दे, आपलं काय वाकडं नाय ते."

भिकाजी पुन्हा हो म्हणाला. आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तो त्याला सांगू शकला नाही. एवढ्या वर्षांत गावात एका माणसाने आपल्याला चांगलं मानलं होतं, तेही चुकून, आणि ते मोडायचा त्याला धीर झाला नाही.

घरी त्याने मंगलाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही, पण कणीक तिने अशी काही तिंबली की परात ओट्यावर आपटायला लागली.

"आणि तुम्ही आईंच्या दिवसांनाही गेला नाहीत," ती म्हणाली. "त्या माणसाच्या सांगण्यावरून. लावा फोन. आत्ताच्या आत्ता लावा."

"दाखला येऊ दे."

"दाखल्याचा काय संबंध?"

भिकाजीला राग आला होता, पण तो नेमका कुठे धरायचा हे कळत नव्हतं. दादाने त्याला एसटीत बसवताना स्वतःच्या अंगावरचा स्वेटर काढून दिला होता. दादा त्या पहाटे रडला होता. तेव्हा भिकाजीला वाटलं होतं, आपल्यासाठी रडतोय.

दाखला आला. नावावर कोणताही गुन्हा नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं, खाली शिक्का. रशीदने तो बघितला आणि म्हणाला, "बोललो नव्हतो? गाय." शाळेने कागद ठेवून घेतले आणि रुजू व्हायची तारीख दिली. उर्वीची शाळा वाचली. मंगलाने शिरा केला, पण कुणीच दुसऱ्यांदा मागून घेतला नाही.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. भिकाजीने स्पीकरवर टाकला आणि फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. मंगला समोर येऊन बसली.

"भिका, पोलीस आले होते गावात. तुजी इचारपूस करत होते." दादाचा आवाज म्हातारा झाला होता. "काय भानगड?"

"नोकरीसाठी दाखला काढला."

"मिळाला?"

"मिळाला."

"मिळाला तरी तू इकडं येऊ नको हां इतक्यात. केसचं काय सांगता येत नाय. मी बघतो हितं. मी हाय ना."

भिकाजी टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. विचारायचं ते सगळं त्याने कितीदा मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"शिमग्याला येतोय, दादा," तो म्हणाला. "तिकिटं काढली. तिघांची."

"आरं, पण..."

"उतरायचं ठरलंय. पोलीस पाटलाकडे."

पलीकडे लांब कुठेतरी कोंबडा ओरडला, आणि वहिनींचा आवाज आला, कोण ओ?

"गुणाजीकडं," दादा शेवटी म्हणाला. तो विचारत नव्हता.

"हो. त्याचा फोन आला होता. बरंच बोललो आम्ही."

भिकाजीला वाटलं, आता दादा फोन ठेवेल. ठेवला असता तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं. पण दादा म्हणाला, "जेवायला तरी घरी येशील ना?"

हे त्याने अशा आवाजात विचारलं की भिकाजीला बसवेना. तो उठून खिडकीशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला. मंगलाने त्याच्याकडे बघितलं. मग तिने पदर सारखा केला आणि फोन उचलून स्पीकर बंद केला. ज्या माणसाशी ती आजवर सणावारी दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती, त्याच्याशी ती अगदी अदबीने बोलली.

"भाऊजी, मी मंगला. येऊ की जेवायला. फक्त तुम्ही गुणाजीभाऊजींच्या घरी या, आणि त्यांच्यासमोर आम्हाला बोलावून न्या."

मंगलाने फोन कानापासून लांब धरून बघितला. तो अजून चालू होता. ती थांबून राहिली.